जर्नल्स आली, शोधणारा कुठाय?

१ जानेवारी २०२५ पासून देशातल्या सरकारी उच्च शिक्षण संस्थांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स मिळू लागली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, लाभ घेणाऱ्या संस्था ६,३०० च्या वर. आदल्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा वैद्यकीय शिक्षणातल्या अनेकांना मनापासून आनंद झाला आणि तो रास्तच होता. ज्या लेखासाठी निवासी डॉक्टरला परदेशातल्या मित्राला मेल करावी लागायची किंवा चोरवाटेने पीडीएफ उतरवावी लागायची, तो लेख आता कॉलेजच्या नेटवर्कवरून रीतसर उघडतो. खासगी महाविद्यालयं अजून या योजनेच्या बाहेर आहेत आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. पण त्यावर लिहिणारे बरेच आहेत. मला बोलायचं आहे ते वेगळ्याच एका तुटवड्याबद्दल.

हे १३ हजार जर्नल्सचं दार उघडून नेमका हवा तो लेख काढायचा, त्याच्या बाजूने आणि विरोधात आणखी काय छापून आलंय ते पाहायचं, त्यातलं विश्वास ठेवण्याजोगं कोणतं ते चाळून डॉक्टरच्या हातात द्यायचं, हे काम करणारा माणूस आपण तयार केलेला नाही. तो तयार करायचा तर सुरुवात वैद्यकीय महाविद्यालयातल्या ग्रंथपालापासून करायला हवी आणि त्याला पुराव्याधारित वैद्यकाचं पद्धतशीर, लांब मुदतीचं, वॉर्डात नेणारं प्रशिक्षण द्यायला हवं. एक दिवसाच्या कार्यशाळेने हे होणार नाही.

आजचं चित्र काय आहे? कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संध्याकाळी सातनंतर जा. वाचनकक्ष गच्च भरलेला असतो, पण टेबलांवर ग्रंथालयाचं पुस्तक क्वचितच दिसतं. नीट-पीजीच्या ॲपवरचे व्हिडिओ, कानात हेडफोन, झेरॉक्स नोट्सची चळत, पाण्याची बाटली. पंखा आहे, शांतता आहे, हॉस्टेलमधला गोंधळ नाही, म्हणून मुलं येतात. काउंटरच्या आत ग्रंथपाल मॅडम 'नो ड्यूज'वर सह्या करत असतात, कुणाच्या थिसिसचा प्लेजियरिझम रिपोर्ट काढून देत असतात आणि इन्स्पेक्शनची तारीख लागली की दाखलनोंद वही घेऊन पुस्तकांचा ताळमेळ लावत बसतात. तपासणीला आलेली माणसं आसनं मोजतात, पुस्तकं मोजतात, जर्नल्स आणि कॉम्प्युटर मोजतात. या ग्रंथालयाने वर्षभरात रुग्णांबद्दलच्या किती प्रश्नांची उत्तरं शोधून दिली, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. जे विचारलं जात नाही ते केलं जात नाही, यात ग्रंथपालांचा दोष काढण्यात अर्थ नाही.

काउंटरवरचा नेहमीचा संवाद असा असतो: "मॅडम, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहायचंय. याच विषयावरचे जुने थिसिस कुठे मिळतील?" मॅडम कपाटाकडे बोट दाखवतात. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस सक्तीचा आहे आणि त्यातलं एक प्रकरण म्हणजे आधी झालेल्या संशोधनाचा आढावा. हा आढावा किती वेळा तीन-चार वर्षांपूर्वीच्या सीनियरच्या थिसिसमधून संदर्भांसकट उचलला जातो, हे ज्याने थिसिस तपासले आहेत त्याला विचारा. सीनियरने चुकीचा छापलेला पान क्रमांकसुद्धा पुढच्या पिढीत तसाच उतरतो.

पुराव्याधारित वैद्यक हे नाव रूढ केलं गॉर्डन गायट यांनी, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं आणि १९९२ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय जर्नलमधल्या लेखाने जगभर पोचलं. कल्पना साधी होती. समोरच्या रुग्णाबद्दलचा प्रश्न नीट मांडायचा, त्यावरचा उत्तम पुरावा शोधायचा, तो तपासायचा, रुग्णाला लागू पडतो का ते पाहायचं आणि शेवटी आपण केलेल्या कामाकडे मागे वळून बघायचं. या पाच पायऱ्यांतली दुसरी पायरी म्हणजे ग्रंथपालाचा पिढीजात धंदा. म्हणून तिकडे ग्रंथपाल या चळवळीत पहिल्यापासून होते. मॅकमास्टरमध्ये ब्रायन हेन्स यांच्याबरोबर ज्यांनी मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या सूचीतून चांगले अभ्यास वेगळे काढणाऱ्या गाळण्या बनवल्या, त्या ॲन मॅकिबन मुळात ग्रंथपालच. आज पबमेडमध्ये, म्हणजे ही सूची ऑनलाइन शोधण्याच्या संकेतस्थळावर, 'क्लिनिकल क्वेरीज' नावाची जी सोय आहे ती या कामातून आलेली. त्याही आधी, १९७१ मध्ये, गर्ट्रूड लॅम्ब यांनी मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठात ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर राउंडला पाठवायला सुरुवात केली होती. राउंडवर निघालेला प्रश्न ऐकायचा, ग्रंथालयात जाऊन उत्तर शोधायचं, आणून द्यायचं. पन्नासहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला.

हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते आपल्या मातीतल्या एका प्रश्नावर पाहू. समजा, भातकापणीच्या दिवसांत रायगडमधल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री सात वर्षांचा मुलगा आणला. विंचू चावलाय. अंग घामाने भिजलंय, उलट्या होतायत, हातपाय गार, नाडी धावतेय. ड्यूटीवरच्या मेडिकल ऑफिसरला प्राझोसिन द्यायचं हे माहीत आहे. रक्तदाबाचं हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशावर लागू पडतं हे जगाला दाखवून दिलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या निरीक्षणांपासून ते इथवर आले. प्रश्न पुढचा आहे. फ्रिजमध्ये विंचवाची प्रतिविष लसही आहे. ती प्राझोसिनच्या जोडीला द्यावी का, की नुसतं प्राझोसिन पुरे?

रात्री दीड वाजता डॉक्टरने मोबाइलवर शोधलं तर त्याला कदाचित 'न्यू इंग्लंड जर्नल'मधली २००९ ची ट्रायल सापडेल. ॲरिझोनातली १५ मुलं. प्रतिविष मिळालेली सगळी चार तासांत बरी झाली. झकास, देऊन टाकू. पण तो थोडा खाली सरकला तर १९९९ ची 'लॅन्सेट'मधली ट्युनिशियातली ट्रायल दिसेल. ८२५ रुग्ण आणि निष्कर्ष असा की विंचूदंशात सरसकट प्रतिविष देऊन फायदा नाही. आता काय करायचं? दोन मोठी नावं, दोन उलटी उत्तरं.

प्रशिक्षित ग्रंथपाल इथे तीन गोष्टी करील. पहिली, तो प्रश्नाचे तुकडे पाडील: रुग्ण कोण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणता परिणाम बघायचा. याला पिको म्हणतात. तेवढं केलं की लक्षात येतं की ॲरिझोनातला विंचू वेगळा आहे. तो मुख्यतः मज्जासंस्थेवर जातो, डोळे गरगर फिरतात, हातपाय झटके देतात. आपला लाल विंचू हृदयावर जातो. ट्युनिशियात प्रतिविष दिलं गेलं ते दंशाची तीव्रता न बघता, येईल त्या रुग्णाला. म्हणजे दोन्ही ट्रायल प्रामाणिक, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर दोन्हींत नाही.

दुसरी गोष्ट नावांची, आणि इथेच भलेभले फसतात. आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव जुन्या लेखांत ब्यूथस टॅम्युलस आहे, नंतरच्यात मेसोब्यूथस टॅम्युलस आणि अलीकडच्यात हॉटेनटोटा टॅम्युलस. विंचू तोच, कोकणातल्या दगडाखालचा. एका नावाने शोधलं तर उरलेल्या दोन नावांखालचं साहित्य निसटतं. शिवाय कुणी 'स्टिंग' लिहितं, कुणी 'एन्व्हेनोमेशन', कुणी 'एन्व्हेनोमिंग'. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून मेश नावाची नियंत्रित शब्दसूची चालवली आहे ती यासाठीच. लेखकाने काहीही लिहिलेलं असो, सूचीत तो लेख 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' या मथळ्याखाली जायला हवा. पण मेशवर पूर्ण विसंबूनही चालत नाही. नुकते आलेले काही लेख अजून सूचीबद्ध झालेले नसतात आणि मेडलाइनमध्ये नसलेल्या भारतीय जर्नल्सना हे मथळे मिळतच नाहीत. म्हणून मेशचा शब्द आणि साधे शब्द दोन्ही घ्यायचे, एका कल्पनेचे सगळे पर्याय 'ऑर'ने जोडायचे आणि मग दोन कल्पना 'अँड'ने. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

एवढं केल्यावर तिसरा लेख हाती लागतो: २०११ ची 'बीएमजे'मधली ट्रायल. बावस्करांचीच, महाडचीच, नेमक्या याच प्रश्नावरची. ७० रुग्ण. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष मिळालेल्यांपैकी ९१ टक्क्यांची लक्षणं दहा तासांत पूर्ण गेली, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी २३ टक्क्यांची. आता तिसरं काम सुरू होतं. ग्रंथपाल हा लेख डॉक्टरच्या हातात देताना दोन ओळी जोडील: एकाच रुग्णालयातली ट्रायल आहे; कुणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं; बरं व्हायला लागणारा वेळ कमी झाला हे दिसतं, मृत्यू टळतात का हे सांगण्याएवढी ती मोठी नाही. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवील. त्याच्या फ्रिजमध्ये किती कुप्या आहेत, मुलाची अवस्था काय आहे, ॲलर्जीची रिॲक्शन आली तर सांभाळता येईल का, हे त्यालाच माहीत. पण तो निर्णय ॲरिझोनाच्या भरवशावर होणार नाही.

अर्थात रात्री दीड वाजता ग्रंथपाल जागा नसतो, हे मला कळतं. म्हणूनच हे काम आधी करून ठेवायचं असतं. कोकणातल्या पाच-दहा नेहमीच्या प्रश्नांवर एकेक पान, वर तारीख टाकलेलं, दर सहा महिन्यांनी पुन्हा शोध घेऊन ताजं केलेलं. हे पान जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर का असू नये?

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, डॉक्टर स्वतः शोधतील की. पबमेड तर १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट आहे. खरं आहे आणि बरेच डॉक्टर उत्तम शोधतातही. पण फुकट मिळणं आणि सापडणं यांत मोठं अंतर आहे. १९९४ मध्ये 'बीएमजे'त आलेल्या एका लेखात दाखवलं होतं की मेडलाइनमध्ये कसून शोधूनही आधीच माहीत असलेल्या रँडमाइज्ड (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण गटांत वाटून केलेल्या) ट्रायलपैकी सरासरी निम्म्याच सापडतात. तेही शोधण्यात तरबेज असलेल्यांना. २००१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या एका अभ्यासात हेक्झामिथोनियम हे रसायन हुंगायला दिल्यावर एका धडधाकट, २४ वर्षांच्या स्वयंसेवक तरुणीचा फुप्फुसं निकामी होऊन मृत्यू झाला. संशोधकाने आधीचं साहित्य पाहिलं होतं. पण त्या काळी पबमेड १९६६ पर्यंतच मागे जात होतं आणि या रसायनाने फुप्फुसांना होणाऱ्या इजेचे लेख होते १९५० च्या दशकातले, छापील सूचीत. कपाटातली जुनी सूची काढून बघायची सवय ज्याच्या हाडात मुरलेली असते, असा माणूस त्या शोधात नव्हता. अमेरिकी सरकारने त्या विद्यापीठातलं सरकारी पैशावरचं मानवी संशोधन काही काळ थांबवलं. त्यानंतर तिकडे संशोधनाच्या प्रस्तावात ग्रंथपालाला सामील करून घेण्याबद्दल लोक गंभीरपणे बोलू लागले.

दुसरा आक्षेप ताजा आहे: आता एआय आहे. चॅटबॉटला विचारा, तो क्षणात उत्तर देतो, संदर्भही देतो. देतो खरा, आणि कधीकधी अस्तित्वातच नसलेले. लेखकांची नावं ओळखीची, जर्नल खरं, वर्ष पटण्याजोगं, पान क्रमांकही असतो. लेख मात्र कुठेच नाही. निवासी डॉक्टरांच्या थिसिसच्या सारांशांत (सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसआधी मंजुरीला द्यायचा आराखडा) असे संदर्भ येऊ लागले आहेत. ते पकडायला लागतो तो ग्रंथपालच, कारण डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, टाकून लेख आहे की नाही हे दोन मिनिटांत बघणं त्याच्या हातचं काम आहे. मला एआयचं वावडं नाही. शोधाचे पर्यायी शब्द सुचवायला ते बरं आहे. पण लेख खरा आहे, मागे घेतलेला नाही आणि आपल्या प्रश्नाचाच आहे, याची खात्री करणारी नजर त्यामुळे जास्त लागते, कमी नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'ने छापलेला, कोविडवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा मोठा अभ्यास दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला, हे फार जुनं नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, पण स्टाफ रूममध्ये असतो: ग्रंथपालाला औषधातलं काय कळतं? बी.लिब., एम.लिब. करून आलेली व्यक्ती. नेट-सेट झालेली असली तरी तिचा मूळ विषय बहुधा मराठी, इतिहास नाहीतर वाणिज्य. या आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रशिक्षण हवं ते म्हणूनच. ग्रंथपालाने निदान करायचं नाही, औषध सुचवायचं नाही. त्याने ओळखायचं की हा अभ्यास रँडमाइज्ड आहे की नुसत्या आठवणींवर बेतलेला; दोन गट खरोखर तुलना करण्याजोगे आहेत का; 'मृत्यू निम्म्याने घटले' म्हणजे हजारात दोनाचे एक झाले की हजारात दोनशेचे शंभर. यासाठी एमबीबीएस लागत नाही. शिस्त लागते आणि सराव. उलट मला असं वाटतं की इतिहास शिकून आलेल्या माणसाला साधन कुणी, कधी, कशासाठी लिहिलं हे विचारायची सवय असते, आणि अर्धं मूल्यमापन त्या सवयीतच आहे.

मग प्रशिक्षण कसं असावं? आपल्याकडे ते कसं होतं ते आधी सांगतो. विद्यापीठाचं पत्र येतं, 'राज्यस्तरीय एकदिवसीय कार्यशाळा'. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, डेटाबेस विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीचं प्रात्यक्षिक, जेवण, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. प्रतिनिधी आपला डेटाबेस किती छान आहे ते दाखवतो; त्याची गाळणी कुठे चुकते ते तो कशाला दाखवील? घरी परतलेल्या ग्रंथपालाकडे सोमवारी पुन्हा नो ड्यूजचा गठ्ठा असतो.

त्याऐवजी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम हवा, नोकरी सांभाळून करता येणारा, आणि पहिल्या आठवड्यापासून खऱ्या प्रश्नांवरचा. पीएसएमचा (सामाजिक वैद्यकाचा) एक शिक्षक आणि अनुभवी ग्रंथपाल यांनी जोडीने शिकवायचा. शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी मेडिसिनच्या किंवा बालरोगाच्या राउंडला उभं राहायचं आणि तिथे निघालेला एक प्रश्न घेऊन परतायचं. पहिल्या काही राउंडना काहीच कळणार नाही. युनिटचे मामा आणि मावशीही 'हे कोण' म्हणून बघतील. हरकत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात येईल की ज्युनिअर रेसिडेंट जे विचारतो आणि त्याला खरं जे जाणून घ्यायचं असतं, त्यांत फरक असतो, आणि तो फरक प्रश्न विचारून काढून घेणं हीच तर संदर्भसेवा, जी तो बी.लिब.ला शिकून विसरला होता. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नको. एक प्रश्न द्या, संगणक द्या, दोन तास द्या. शोध कसा रचला, काय निसटलं, एका पानात काय लिहिलं, त्यावर गुण.

हे स्वप्नरंजन नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम आज पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना सक्तीचा आहे. अभ्यासक्रम चांगला आहे. पण ज्याच्या टेबलावर हे सगळे विद्यार्थी साहित्यशोधासाठी येणार, त्या ग्रंथपालाला त्यात कुणी मोजलंच नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तोलणाऱ्या जागतिक संस्थेचं केंद्र आहे, तिथे पद्धतशीर आढावे करण्याची पक्की परंपरा आहे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपीची महाविद्यालयं एका छत्राखाली ठेवून आहे. एवढी मोठी यंत्रणा एका ठिकाणाहून हलवता येते, हे फार थोड्या राज्यांना लाभलेलं भाग्य आहे.

आयुर्वेद महाविद्यालयांना तर याची गरज कणभर जास्तच. गुळवेल घ्या. एका लेखात गुडूची, दुसऱ्यात गिलोय, तिसऱ्यात अमृता, चौथ्यात टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीच दुसरी असू शकते म्हटलं. खरं-खोटं करायचं तर आधी दोन्ही बाजूंचं, दोन्ही वनस्पतींचं, सगळ्या नावांखालचं साहित्य एका टेबलावर यायला हवं. ते कोण आणणार?

पैशाचं म्हणाल तर इंग्लंडचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या प्रशिक्षण यंत्रणेने दर १,२५० पूर्णवेळ कर्मचाऱ्यांमागे किमान एक पात्र ग्रंथपाल असावा अशी शिफारस केली, ती डॉक्टर-नर्सचा वेळ वाचतो असा हिशोब मांडून. आपल्या एखाद्या मोठ्या शासकीय रुग्णालयात डॉक्टर, नर्स, निवासी, विद्यार्थी धरून किती माणसं असतात आणि ग्रंथपाल किती, हे ज्याने त्याने मोजून पाहावं. पद रिकामं, कार्यभार सहायकाकडे, अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. प्रशिक्षण द्यायचं आणि पद मात्र वर्षानुवर्षं भरायचं नाही, असं करायचं असेल तर हा लेख इथेच थांबवलेला बरा.

पुराव्याचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या मागणीलाही तीच कसोटी लावावी लागते. ग्रंथपालामुळे रुग्णाचं भलं होतं, याला पुरावा काय? १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर परिसरातल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा १० पैकी ८ जण म्हणाले की ग्रंथालयातून मिळालेल्या माहितीमुळे आम्ही रुग्णाच्या बाबतीत काही ना काही वेगळं केलं. पण हे डॉक्टरांचं स्वतःचं सांगणं आहे. अशा अभ्यासांचा मोठा भाग याच प्रकारचा आहे आणि ती त्यांची मर्यादा आहे. कॅनडातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत एक रँडमाइज्ड ट्रायल झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथपाल सरासरी १४ मिनिटांच्या आत उत्तर पाठवत होते आणि सुमारे ६३ टक्के उत्तरांचा आपल्या विचारावर खूप चांगला परिणाम झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. पुन्हा, डॉक्टरांनी सांगितलं. मृत्यू किती टळले हे यातून कळत नाही. आपल्याकडे हे सुरू करताना मोजमाप पहिल्या दिवसापासून ठेवावं, काही महाविद्यालयांत आधी, काहींत नंतर असं करून तुलना करावी. फरक पडत नाही असं दिसलं तर बंद करावं.

माझा कल तरीही या बाजूला का, ते कोविडकाळातल्या प्लाझ्माच्या, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देण्याच्या, आठवणीने सांगतो. जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅटिना प्रकल्प जाहीर केला, प्लाझ्मा उपचाराची मोठी ट्रायल म्हणून. त्याच सुमारास आयसीएमआरची प्लॅसिड ट्रायल देशभरातल्या ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर चालू होती. निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये 'बीएमजे'त आले. आजार बळावणं किंवा मृत्यू प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. फायदा नाही. तरीही एप्रिल २०२१ मध्ये आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर काय होतं? 'अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, पुणे.' चिठ्ठी घेऊन नातेवाईक एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत धावत होते, बरे झालेल्या अनोळखी माणसांच्या हातापाया पडत होते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला तो मे २०२१ च्या मध्यावर. सात महिने. ट्रायल आपल्याच देशातली, लेख सगळ्यांना मोफत वाचता येणारा.

एखादा ग्रंथपाल हे थांबवू शकला असता, असं मी म्हणणार नाही. सूचना दिल्लीतून येतात, नातेवाइकांचा रेटा असतो, डॉक्टरलाही काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. पण नोव्हेंबर २०२० मध्ये प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या कोविड समितीसमोर एक पान ठेवणं, 'प्लाझ्मा: आजवरचा पुरावा, अमुक तारखेपर्यंतचा शोध', हे कुणाचंच काम नव्हतं. काम ठरलेलं असतं तर निदान काही अधिष्ठात्यांना ते पान वाचून दुर्लक्ष करावं लागलं असतं. न वाचता दुर्लक्ष करणं फार सोपं असतं.

सुरुवात कुठून करायची? विद्यापीठाने परिपत्रक काढून थिसिसच्या सारांशाला एक पान जोडायला लावावं. कोणकोणते डेटाबेस पाहिले, कोणत्या तारखेला, शोधाची रचना जशीच्या तशी, किती लेख मिळाले, किती वाचले, शोध घेताना कुणाची मदत झाली, आणि खाली ग्रंथपालाची सही. पहिल्या वर्षी हे पानही सीनियरच्या सारांशातून उचललं जाईल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणून दर दहातला एक सारांश चिठ्ठी टाकून निवडावा आणि त्यातला शोध दुसऱ्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने पुन्हा चालवून बघावा. आकडे फारच वेगळे आले तर सारांश परत, गाइडच्या नावाने. असे पाच-सात सारांश परत गेल्यावर विभागप्रमुख स्वतः ग्रंथालयात फोन करतील आणि विचारतील, "मॅडम, आमच्या पोरांना हे शोधायचं कसं ते जरा शिकवता का?" त्या दिवशी उत्तर द्यायला मॅडम तयार असायला हव्यात, म्हणजे अभ्यासक्रम परिपत्रकाच्या सहा महिने आधी सुरू झालेला असायला हवा.